एक ते चारचा रकाना

नारायण पेठ, पुणे
१२ जून २०२५

श्री. अर्णव बेहेरे, वास्तुविशारद, यांस,

विचारविनिमय वाचनालयाच्या नव्या इमारतीसाठी आपली नेमणूक झाल्याचं कार्यवाह श्री. गोपाळकृष्ण आठल्ये यांच्याकडून कळलं. अभिनंदन. ही निवड माझ्या शिफारशीने झालेली नाही, हे आधीच स्पष्ट करते. आठल्यांनी मला विचारलं, "बेहेरे म्हणजे तुमचे कोण?" मी म्हटलं, "आडनाव एकच आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढचा विषय घेतला. आपण माझे चिरंजीव आहात हे अख्ख्या पेठेला माहीत आहे. आपलं येणं-जाणं नाही, हेही माहीत आहे.

जागेच्या गरजा ठरवण्याचं काम संस्थेने एप्रिलपासून माझ्याकडे दिलं आहे. आपण माझ्या हाताखाली सहा वर्षं काढलीत, त्यामुळे हे काम काय असतं ते आपल्याला सांगायला नको. पण या पत्राची प्रत संस्थेच्या फायलीत जाते आणि तिथे ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून लिहिते. इमारतीचा नकाशा काढायच्या आधी, तिथे कोण येणार, कधी येणार, काय करणार, किती वेळ थांबणार, आणि त्या सगळ्याला जागा किती लागणार, हे शोधून लिहून काढायचं. ते झालं की मग वास्तुविशारदाने पेन्सिल उचलायची. आठल्ये म्हणाले, "म्हणजे नक्की करता काय तुम्ही?" मी म्हटलं, "बांधायच्या आधीच भांडणं लावून देते. मग बांधून झाल्यावर होत नाहीत." हे मात्र त्यांना पटलेलं दिसलं.

आपण नेमणुकीच्या दुसऱ्याच दिवशी संस्थेला एक रंगीत चित्र पाठवलंत. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. चारनंतर तिथे बसून वर्तमानपत्र वाचणारे सगळे पंचाहत्तरीचे आहेत. त्यांची भाजणी करायची असेल तर गोष्ट वेगळी. चित्रात दोन सडपातळ माणसं हातात कॉफी घेऊन हसतानाही दिसतात. आमच्या वाचनालयात कोणी हसत नाही. तशी पाटी आहे.

गरजांचा आराखडा ३१ जुलैला समितीपुढे ठेवते. तोवर पेन्सिल खाली ठेवावी, ही विनंती.

उल्का बेहेरे


नारायण पेठ
२८ जून २०२५

श्री. अर्णव बेहेरे यांस,

आपलं उत्तर मिळालं. "आदरणीय मॅडम" वाचून बरं वाटलं. लेटरहेडवरचा पत्ता भिंगाशिवाय वाचता येत नाही, तेवढं बघा.

या पत्राची प्रत फायलीत जाणार नाही. कारण शेवटी येईलच.

काम चालू आहे. सकाळी आठ ते एक आणि संध्याकाळी चार ते आठ मी वाचनालयात एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसते. शिपाई नागोराव मला रोज तेच स्टूल पुसून देतो. दिवसाचा तक्ता भरत आणला आहे: आडव्या ओळीत जागा, उभ्या ओळीत तास, आणि रकान्यात माणसं. अभ्यासिकेतली मुलं हिंगोली, वाशीम, यवतमाळकडची. परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांना विचारलं तर म्हणाली, एसी हवा आणि चार्जिंगचे पॉइंट हवेत. बसून बघितलं तर कळलं, की दर थोड्या वेळाने एकेक जण उठून जिन्यात जातो आणि घरी फोन करतो. आत बोलायला बंदी आहे ना. जिना सतत अडलेला. एक मुलगी आईला सांगत होती, "पेपर बरा गेला, जेवले, हो, पोळी होती." पेपर बराही गेला नव्हता आणि ती जेवलीही नव्हती, मी सकाळपासून तिच्यासमोर होते. तेव्हा जिन्याच्या वळणावर फोनवर बोलायला बाक हवा, असं लिहिलं आहे.

आठल्यांना वडिलांच्या नावाचा हॉल हवा आहे, व्यासपीठासकट. वर्षाला चार कार्यक्रम होतात. हॉल द्यावाच लागेल, पण उरलेले दिवस तो अभ्यासिका म्हणून वापरता येईल असा. त्यांना एवढ्यात सांगू नये.

माझा नियम आपल्याला पाठ असेल. माणूस सांगतो ते लिहून घ्यायचं, आणि मग तिथे जाऊन बसायचं. आणि जो म्हणतो "मला काही नको", त्याच्यापाशी सगळ्यात जास्त वेळ बसायचं.

आता शेवटचं. आपण विचारलं आहे, "बावधनला कधी येणार?" आपण तिथे बांधलेल्या घराबद्दल मला काही म्हणायचं नाही. तीन वर्षांपूर्वी आपण वही घेऊन माझ्या ओट्यापाशी उभे राहिलात आणि विचारलंत, "आई, तुझी खोली कशी हवी?" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "मला काय लागतंय? काही नको. तुमचं तुम्ही बघा." आपण वहीत लिहिलंत: आई, काही नको. आणि तसंच बांधलंत. वास्तुशांतीला मी घर फिरून बघितलं. व्यायामाला खोली आहे. सामानाला खोली आहे. कुत्र्याला कोपरा आहे. कुत्रा अजून आणलेला नाही, असं कळतं. मी जेवले, श्रीखंडाचं कौतुक केलं, आणि रिक्षाने परत आले.

त्यानंतर आले नाही, त्यात राग वगैरे काही नाही. गुडघे दुखतात.

"आईनेच नको म्हटलं होतं," असं आपलं म्हणणं सूनबाई पूर्वाकडून कानावर आलं आहे. त्याची नोंद घेतली आहे. माझ्याकडे सहा वर्षं शिकलेल्या माणसाने हे म्हणावं, याचीही घेतली आहे.

ओवीचा पुढचा दात पडलेला फोटो पूर्वाने पाठवला. माझी नात गोड दिसते.

उ. बे.


नारायण पेठ
१२ जुलै २०२५

श्री. अर्णव बेहेरे यांस,

तक्त्याचा कच्चा मसुदा आपल्याला पाठवला तो आपण नजरेखालून घालावा म्हणून. तपासायला दिलेला नव्हता. तरी आपण तपासलात आणि लाल शाईने विचारलंत, "एक ते चारचा रकाना रिकामा का?"

बंद असतं म्हणून. आपला जन्म पुण्यातला आहे ना? एक ते चार वाचनालय बंद असतं, समोरचं वाण्याचं दुकान बंद असतं, इस्त्रीवाला बंद असतो, आणि मीही बंद असते. आपल्या घराच्या दारावर "दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये" अशी पाटी आपल्या वडिलांनी स्वतः रंगवून लावली होती. ते गेले, पाटी आहे. अजून कोणाची वाजवायची हिंमत झालेली नाही.

त्यावर आपण आणखी लिहिता, "बंद असताना आत कोण असतं, हे बघितलंत का मॅडम?"

हा उद्धटपणा आहे. प्रश्न बरोबर आहे, पण उद्धटपणा आहे. जी इमारत बंद आहे तिच्यात पाली असतात.

असो. सोमवारी माझी झोप मोडून मी तिथे जाईन, मागच्या-पुढच्या दाराची कुलपं बघेन, आणि त्या रकान्यात शून्य लिहीन. म्हणजे आपलं समाधान होईल.

उ. बे.


१४ जुलै २०२५

अर्णव,

शून्य नाही.

दीड वाजता गेले. पुढच्या ग्रिलला कुलूप होतं. बोळातून मागे गेले. मागे ती पत्र्याची पडवी आहे ना, जिथे जुने अंक रचून ठेवतात, तिचं दार नुसतं लोटलेलं. मी ढकललं तर आत कोणाच्या तरी पायाला लागलं. "अगं आई गं" असा आवाज आला आणि तो आवाज मी रोज ऐकते.

वेणूबाई. आपली वेणूबाई. तू अकरावीत होतास तेव्हापासून आपल्याकडे भांडी आणि पोळ्या करते ती. साडेबाराला जाते आणि साडेचारला परत येते. मधे कुठे जाते, हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलेलं नाही. घरी जात असेल असं मला वाटायचं, असं आता लिहिणार होते. पण तेही खरं नाही. मला काही वाटतच नव्हतं.

आत दहा-बारा बायका होत्या. जमिनीवर रद्दी अंथरून त्यावर पदर टाकून निजलेल्या. एक जण डबा खात होती. एक केस विंचरत होती. आठल्यांकडे पोळ्या करणारी सुंदराबाई भिंतीला टेकून बसली होती आणि तिने पाय तेलाने चोळायला घेतले होते. मला बघून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. निजलेल्याही. ते मला सहन झालं नाही.

"ताई, तुमी हितं?" वेणूबाई म्हणाली.

मी म्हटलं, "तू इथे काय करतेस?"

"पडलेय जरा. चारनंतर चार घरं हायेत न्हवं."

"मग घरी नाही का जात?"

"येरवड्याला? बस गावंस्तवर तास जातो. घरात पाय टाकला की परत निघायची येळ. त्यापरीस हितं बरं."

एक वाजला की नागोराव पडवीची कडी काढून देतो आणि चारला लावतो. गेली कित्येक वर्षं. मी एप्रिलपासून सकाळ-संध्याकाळ तिथे स्टूल टाकून बसले आहे, नागोरावने मला रोज पाणी आणून दिलं आहे, आणि मी त्याला अभ्यासिकेत पंखे किती हवेत ते विचारलं आहे. ती कडी त्याने मला का सांगावी? मी काही विचारलंच नव्हतं.

पेठ झोपते, अर्णव. आणि पेठेतल्या घराघरांतून ज्या बायका दार ओढून घेऊन बाहेर पडतात त्यांना बसायला जागा नाही. माझ्या घरात तीन खोल्या आहेत आणि पंखा चालू असतो आणि दारावर पाटी आहे.

मला फार लाज वाटली. हे तुला सांगायचं नव्हतं. पण रकाना तू दाखवलास, तेव्हा तुला कळायला हवं.

आई


२३ जुलै २०२५

अर्णव,

तुझं पत्र मिळालं. "मॅडम" गेलं, हे लक्षात आलं. इतक्यात काही अर्थ काढू नकोस.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, परत गेले आणि बायकांना विचारलं, "नवी इमारत होते आहे. तुम्हाला इथे काय काय लागेल?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "आमाला काय लागतंय ताई? काई नको."

मी हसले. वेणूबाईला वाटलं, मी त्यांची चेष्टा करते आहे. तिला काय सांगणार?

मग नियमाप्रमाणे बसले. म्हणजे त्यांच्यात, रद्दीवर. पहिल्या दिवशी माझ्यामुळे कोणी झोपलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच झोपल्याचं सोंग केलं, तेव्हा त्याही झोपल्या. तिसऱ्या दिवशी सोंगाची गरज पडली नाही. माझी पाठ धरली ती वेगळी.

बघितलं ते असं. झोपतात तेव्हा पाय पोटाशी घेतात, कारण दार आत उघडतं आणि कोणीही कधीही येऊ शकतं. एक जण कायम जागी असते, दाराकडे तोंड करून. पाळी लावलेली नाही, आपोआप होतं. मुतारी आहे ती वाचनालयाच्या आत, कुलपात. त्या मंडईपर्यंत चालत जातात, नाहीतर पाणीच पीत नाहीत. जुलैचा चिखल आणि साड्या ओल्या, पण वाळत टाकायला खुंटी नाही. एवढंच. त्यांना एक खोली हवी आहे, जवळ मोरी आणि संडास, भिंतीला खुंट्या, आणि दाराला आतून कडी. कडी सगळ्यात आधी.

तू म्हणशील, वेणूबाईला तरी घरी का नाही बोलवत? बोलवलं. म्हटलं, माझ्याकडे मधल्या खोलीत पड. ती म्हणाली, "नको ताई. तुमच्याकडं झोप न्हाई लागायची. तुमी हाक माराल."

मी म्हटलं, "नाही मारणार."

"माराल," ती म्हणाली. "सवय हाय तुमाला. आन मलाबी हाये. नाई मारली तरी मला ऐकू यील."

हेही लिहून घे. जिथे कोणी हाक मारणार नाही अशी जागा.

आता अडचण. तुझ्या चित्रात तळमजल्यावर पार्किंग आहे आणि पडवी त्यात जाते. तू लिहितोस, "आराखड्यात लिहून दे, मी काढतो. लिहिलेलं नसेल तर संस्था मला ते काढू देणार नाही." बरोबर आहे. मीच शिकवलेलं आहे. जे लिहिलं जात नाही ते बांधलं जात नाही. आणि वेणूबाई हात जोडून म्हणते, "लिवू नका. लिवलं की त्यांच्या ध्यानात यील, आन उद्याच कुलूप लागंल." तेही बरोबर आहे. आठल्यांना ओळखते मी. शिवाय नागोरावची नोकरी. तो मला म्हणाला, "मॅडम, माझं काही नाही ह्याच्यात, मी फक्त कडी काढतो," आणि त्याचा चेहरा एवढासा झाला होता. नांदेडकडचा माणूस, इथे दोन मुलींची शिक्षणं चाललेली.

काल बायकांचीच आपसात जुंपली. वेणूबाई म्हणे, आहे ते दोन वर्षं तरी राहू द्या. सुंदराबाई म्हणाली, "मग? दोन वरसांनी बिल्डिंग पाडली की काय करशील? मोटारीखाली निजशील? लिवा ताई तुमी." वेणूबाई रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "नागोरावदादाचं नाव नका घालू." एवढ्यावर ठरलं.

ठरलं म्हणजे माझ्या गळ्यात पडलं. चूक झाली तर या बायका उद्यापासून रस्त्यावर, आणि मी आपली एक ते चार गादीवर. चाळीस वर्षं मी हे काम केलं, हॉस्पिटलं केली, कोर्टं केली. एका खोलीची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

आई


१ ऑगस्ट २०२५

अर्णव,

तू काल मुंबईत अडकलास ते बरंच झालं. तुझ्या तोंडावरून सगळं कळलं असतं.

समितीची बैठक साडेपाचला. आराखडा एकेक पान वाचत गेले. जिन्यातला बाक मंजूर. हॉलची अभ्यासिका करायचं कलम आठल्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि मग "बघू" म्हणाले, म्हणजे झालं. मग एक ते चारचा रकाना आला. मी वाचलं: "दुपारी एक ते चार जागा वापरणाऱ्या: पेठेत घरकाम करणाऱ्या बायका."

आठल्ये म्हणाले, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "निरीक्षण."

"वाचनालय आहे हे. धर्मशाळा नव्हे. आणि आत येतात कशा? दार कोण उघडतं?"

"मी गेले तेव्हा उघडंच होतं," मी म्हटलं. शब्दाला शब्द खरं आहे. नागोराव चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. आत यायचं त्याला सुचेना.

मी बोलायचं पाठ करून गेले होते. माणुसकी, श्रम, शहराचं देणं, असं बरंच काही. पहिल्या वाक्यालाच समोरच्या दोघांचे डोळे मिटायला लागले. तेव्हा मी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "आठल्येसाहेब, आपल्याकडे चारचा चहा कोण करतं?"

"सुंदराबाई. का?"

"आणि संध्याकाळच्या पोळ्या?"

"तीच."

"ती साडेबाराला तुमच्याकडून निघते. चारला परत हजर असते. मधे कुठे असते?"

"तिच्या घरी असेल."

"घर कुठे आहे तिचं?"

"तिकडे कुठेतरी. येरवड्याला."

"मग काय विमानाने येते?"

कोणीतरी हसलं. आठल्ये हसले नाहीत. मी सगळ्यांनाच तेच विचारलं. सात जण होते. एकालाही सांगता आलं नाही. मग मी म्हटलं, "पडवी जाणार. ती गेली की या बायका दुपारी घरी जातील त्या जातीलच. त्यांना येरवड्यात जवळची कामं मिळतील. संध्याकाळी चारनंतर या पेठेत भांडं घासायला माणूस उरणार नाही. तुमच्या इमारतीचा प्रश्न आहे, मला काय, मी फक्त लिहून ठेवलं आहे."

आठल्ये हळूच म्हणाले, "म्हणजे चहा..."

"चहा आणि पोळ्या," मी म्हटलं.

ठराव एकमताने मंजूर. खोली, मोरी, संडास, खुंट्या, आतून कडी. कडीला एक जण विरोध करत होते, त्यांना आठल्यांनीच गप्प केलं. शेवटी विचारलं, "खोलीवर पाटी काय लावायची?" मी म्हटलं, "काही लावू नका." पुण्यात बिनपाटीचं दार, हे त्यांच्याच्याने होईना. मजकुरासाठी उपसमिती नेमली आहे.

जिन्यात नागोराव भेटला. वाकून माझी पिशवी घेतली आणि घरापर्यंत आणून दिली.

जिंकले, तरी वाईट वाटलं रे. मला वाटलं होतं कोणीतरी म्हणेल, अरेरे, आपल्या लक्षातच आलं नाही. कोणी म्हटलं नाही. चहावर काम झालं. वेणूबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "कशावर का हुईना, ताई." आणि तिने साडेचारची भांडी घासायला घेतली.

आता पेन्सिल उचल.

आई


१८ सप्टेंबर २०२५

प्रिय अर्णव,

नकाशे मिळाले. दोन वेळा बघितले, मग भिंग घेऊन तिसऱ्यांदा. काच गेली, बरं झालं. खोली मागे, बोळाकडून स्वतःचं दार, दार बाहेर उघडणारं. म्हणजे कोणाच्या पायाला लागणार नाही. आणि दाराला आतल्या बाजूने तू एवढीशी कडी काढली आहेस. नकाशात कडी काढायची पद्धत नाही. हा कागद कोणाला दाखवलास तर हसतील. मी तो वेणूबाईला दाखवला. तिला नकाशा कळत नाही, पण कडी कळली. तिने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दादानं काडली?" मी म्हटलं, हो.

बांधकाम चालेल ती दोन वर्षं त्या कुठे बसणार, हे मी लिहायचं विसरले होते. तू विचारलंस म्हणून आठल्यांकडून लिहून घेतलं. वाचनालय भाड्याच्या ज्या जागेत जाईल तिथेही एक ते चार आतली एक खोली त्यांची. या खेपेला त्यांनी फार वाद घातला नाही. सुंदराबाई त्या आठवड्यात तापाने घरी होती.

आता तो दुसरा कागद, नकाशांच्या गुंडाळीत आत सरकवलेला. तुला वाटलं असेल मला सापडणार नाही, किंवा सापडावा असंच वाटलं असेल. "व्यायामाची खोली रिकामी करतो आहे. कोणी व्यायाम करत नाही. आई, तुझ्या गरजा लिहून दे." आणि खाली ठळक अक्षरात: "काही नको हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही."

उद्धट आहेस. लहानपणापासून.

तीन दिवस कागद टेबलावर पडून होता. पहिल्यांदा हात आपोआप तेच लिहायला गेला, जे आपल्या घराण्यातल्या सगळ्या बायका लिहितात. मग म्हटलं, नियम तो नियम. माणूस सांगतो त्यावर जायचं नाही, बसून बघायचं. तेव्हा मी स्वतःपाशीच बसले. तू हसशील, पण खरोखर तक्ता केला, उल्का बेहेरे, वय सहासष्ट, एक ते चार. मी दुपारची झोपते, असा माझा आणि सगळ्या पेठेचा समज आहे. तसं नाही. जरा डोळा लागतो तेवढाच. उरलेला वेळ मी पंख्याकडे बघत पडते, आणि बेल वाजते का ते ऐकत असते. पाटी माझ्याच दाराला आहे. वाजणार कशी?

तेव्हा लिहून घे. पेठेतलं घर मी सोडणार नाही, आठवड्यातून किती दिवस यायचं ते मी ठरवीन. पलंग भिंतीला चिकटवू नकोस, दोन्ही बाजूंनी उतरता यायला हवं. गुडघ्यांचं मी खोटं सांगितलं नव्हतं, फक्त तेवढंच सांगितलं होतं. खिडकी रस्त्याकडे. बागेकडे बघत बसायला मी काही संत नाही, मला येणारे-जाणारे दिसायला हवेत. स्वयंपाकघर जवळ असावं, म्हणजे पूर्वा आणि तू भांडलात तर मला ऐकू येईल आणि मी ऐकलं नाही असं दाखवीन.

आणि ओवीची शाळा अडीचला सुटते ना? ती आली की पायातले बूटसुद्धा न काढता आधी कुठे धावते ते मला माहीत नाही. माझ्या खोलीत धावली तर चालेल. मी झोपलेली असले तरी चालेल. तिने मोठ्याने हाक मारली तरी चालेल.

म्हणून त्या दाराला आतून कडी नको.

आई